सातजणांची एकच आत्या

मुलं नुसती घोकून येतात, असं मुलाखतीच्या खुर्चीत बसून म्हणणाऱ्यांनी कधी मागच्या बाकावरच्या कुणाला काही समजावलंय का?

जालन्याच्या शाल्मलीनं समजावलं होतं. एआय कंपनी कॅम्पसला येणार म्हणून तिनं वर्गातल्या सातजणांची तयारी करून घेतली. मुलाखतीला तिचा स्वतःचा नंबर मात्र शेवटी लागला.

"ओव्हरफिटिंग म्हणजे काय?" कंपनीच्या कारखानीस सरांनी विचारलं.

"माझी आत्या ब्लाऊज शिवते, सर. एकीच्या मापाला फार घट्ट शिवला, की दुसरीला चढत नाही. एआयचं मॉडेलही सरावाची उदाहरणं घट्ट धरून बसलं, की नव्याला चुकतं."

"बास! सकाळपासून सातजणांची आत्या ब्लाऊज शिवतेय. सगळ्यांना घरी पाठवलं. आता तूही ऊठ!"

शाल्मलीला नोकरी तर हवीच होती. ती उठली नाही.

"सर, तुमची सात मॉडेल्स एकच उत्तर द्यायला लागली, तर तुम्ही काय शोधता?"

"ती कशावरून शिकली, ते."

"ते तुमच्यासमोर बसलंय. आत्या माझी आहे."

सर पुढे झुकले. "मग तो ब्लाऊज दुसरीला यावा म्हणून आत्या काय करते?"

हे तिनं कुणालाच शिकवलं नव्हतं.

"आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडते, सर. मॉडेललाही तशी थोडी ढिलाई द्यावी लागते."

सरांनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. शेजारी बसलेल्या एचआरच्या मॅडमनी फोन उचलला.

"त्या सातजणांना परत बोलावते, सर. शिकवणारी बरी होती त्यांची."