सुगरणीने काढलेला वाटा

फार पूर्वी एका रानात एक सुगरण इतर पाखरांना घरटी विणून द्यायची आणि त्याबदली दाणे घ्यायची. हत्ती तळ्यातला गाळ उपसायचा, म्हणून प्रत्येक जण आपल्या कमाईतला काही वाटा त्याला देई.

एका वर्षी वाटा देण्याची वेळ आली, तशी सुगरण धास्तावली. पिल्लांना काय उरणार?

कावळा म्हणाला, "थोडे ढोलीत लपव की!"

तिचं मन धजेना. ती सरळ हत्तीकडे गेली.

"हत्तीदादा, घरटी विणायला लागणाऱ्या गवतासाठी निम्मे दाणे सशाला दिले. त्यांचाही वाटा द्यायचा का?"

"नाही गं! कामासाठी गेलेले सोडून उरतील, त्यांतलाच द्यायचा. आधी विचारायचंस ना!" तसा वाटा दिल्यावरही पिल्लांना पुरतील एवढे दाणे उरले.

नव्या हंगामाचे पहिले दाणे आले, तेव्हा सुगरणीने गवताचे दाणे वगळून आधी हत्तीचा वाटा बाजूला काढला आणि मग निवांतपणे पिल्लांना भरवलं.