हौसाचा जळका आंबा

परीचे पंख पोपटी होते की पिवळे, हे मला आता नक्की सांगता येत नाही. हौसाआत्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा मी तुमच्याएवढा होतो, आणि इतक्या वर्षांत रंग थोडे विटलेही असतील. पोपटीच धरू या.

हौसा तेव्हा छोटीशी होती. डोंगरातल्या पाड्यावर ती आणि तिची आई, दोघीच. दारात एक आंबा. त्याच्या कैऱ्यांचं लोणचं विकून दोघींचं वर्ष निघायचं. पण त्या हिवाळ्यात दवाचं बर्फ झालं आणि आंब्याची पानं जळून काळी पडली. पाड्याची रीत अशी, की वठलेलं झाड होळीला द्यायचं.

"सकाळी येतो कुऱ्हाड घेऊन," शेजारचे शिदूकाका म्हणाले. "आमचा आंबा गेलाच ना, पोरी? तुझा काय वेगळा आहे?"

सकाळी हौसा आंब्याचा निरोप घ्यायला गेली. तर गवताच्या पात्यावर, चमचमत्या दवात, करंगळीएवढी परी गारठून बसलेली. हौसाने तिला ओंजळीत घेतलं आणि तोंडाची वाफ दिली. इवलेसे पंख थरथरले, मग लुकलुकले.

"माझ्यापाशी एक मागणं आहे, ते तुझं," परी म्हणाली. "पण जे आधीच आलंय ते मागायचं नाही. मागितलंस तर तेही जाईल. म्हणून आधी बघ, मग माग."

"माझा आंबा..." म्हणता म्हणता हौसाने जीभ चावली. ती बघू लागली. बुंध्यावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. या कुठे निघाल्यात? हौसा फांदीवर चढली. रांगेच्या टोकाला, जळक्या पानाच्या कुशीत, एक तांबूस कोंब होता. तिळाएवढा, चकचकीत.

"आलाय की," हौसा हसली. "मग हा नाही मागायचा."

तेवढ्यात शिदूकाका आले.

"काका, थांबा. आंबा जिवंत आहे."

"असं सगळीच पोरं म्हणतात," म्हणत काकांनी घाव घातला.

"आता घावात बघा."

काका वाकले. साल आतून हिरवीगार, ओली. त्यांनी बोट लावून हुंगलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली. "माझा मी बुडापर्यंत खरवडला होता गं. कोरडा ठक्क. म्हणून तुझाही तसाच धरला."

हौसाच्या केसांत लपलेली परी कुजबुजली, "मागणं अजून शिल्लक आहे हं."

हौसाला नवा झगा हवा होता. आईला घोंगडी हवी होती. पण काका आपल्या ओसाड दाराकडे बघत उभे होते.

"काकांच्या दारात आंबा येऊ दे," हौसा म्हणाली.

परी खुदकन हसली. पंखांतून सोनेरी उजेड सांडला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली. काकांच्या वाळक्या खोडाशेजारी तांबूस कोवळ्या पानांचं रोप डुलू लागलं. आणि हौसाचा आंबा शेंड्यापासून खालपर्यंत मोहरला, सगळा पाडा घमघमला. त्या वर्षी होळी काकांच्या वाळक्या खोडावर आणि गोवऱ्यांवर भागली, आणि लोणच्याला बरण्या पुरल्या नाहीत. आईला घोंगडी आली, हौसाला झगाही.

मोठेपणी मी शंका फिटावी म्हणून मुद्दाम त्या पाड्यावर गेलो. दोन्ही आंबे आहेत. हौसाआत्याच्या आंब्यावर कुऱ्हाडीचा जुना घाव आहे, सालीने भरून आलेला. एकच.