चढणीच्या मासळीची ओटी

एकदा काय झाले, असे मोघम मी सांगणार नाही. वर्ष शके अठराशे सहा, महिना श्रावण, ऋतू वर्षा, आणि उद्यावर नागपंचमी आलेली. नीट पांघरूण घ्या, पाय हलवू नका, आणि ऐका.

जोगवती नावाची नदी होती. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की तिचे पाणी तांबडे होई, गढूळ होई, आणि चढू लागे. मग खालच्या डोहातली खडस मासळी उलट्या प्रवाहाने वर निघे. सोनेरी खवले, तांबूस पंख, आणि पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, बरं का. वरच्या स्वच्छ पाण्यात ती अंडी घालायची, म्हणून एवढा खटाटोप.

नदीकाठी सुभान भोई आणि त्याची बायको गुणाबाई राहत. सारे भोई चढणीची मासळी पकडत. गुणाबाईच्या माहेरची रीत मात्र निराळी होती. गाभोळीची मासळी जाळ्यात आली, की तिला कुंकू लावायचे, चिमूटभर तांदळांनी तिची ओटी भरायची आणि तिला पाण्यात सोडायची. का? तर ती बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक.

गुणाबाईची स्वतःची लेक राही त्या नागपंचमीच्या आदल्याच दिवशी पलीकडच्या तीरावरून माहेरी यायची होती. पहिलटकरीण, सातवा महिना. पाणी तर घटकेघटकेला चढत होते. गुणाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात राहीसाठी राखलेले ओंजळभर तांदूळ, बाकी काही नाही.

सुभानने पाग, म्हणजे फेकायचे जाळे, पाण्यात टाकला. मग ओढला. आत गाभोळीची मासळी! गुणाबाईने कुंकू लावले, तांदूळ वाहिले. "बाई, सुखरूप पोच हो," म्हणाली आणि सोडली.

शेजारची भागूआत्या घाटावर बसली होती. ती फणकारली, "गुणे, आता तिला चोळी शीव! बाही कुठे लावतेस तेवढं सांग!"

मग सुभानने दुसऱ्यांदा पाग टाकला. पुन्हा गाभोळीचीच, पहिलीहून मोठी. सुभान रेंगाळला. "अगं, पोरगी सांजेला येईल. तिच्या पानात काय वाढू?"

"पान रिकामं राहिलं तर राहू दे. पण अहो, हीसुद्धा कुणाची तरी राहीच आहे."

गुणाबाईने हिलाही कुंकू लावले, चिमूटभर तांदूळ वाहिले, आणि सुभानने जाळे मोकळे केले.

मग तिसरा पाग. या खेपेस आली ती पाळण्याएवढी मासळी! गुणाबाईने पाहिले, तर जेमतेम राहीपुरतेच तांदूळ उरले होते. ती क्षणभर थांबली. मग कुंकू लावून ते सारे तिने मासळीवर वाहिले आणि तिला पाण्यात सोडताना हळूच म्हणाली, "माझ्या लेकीबरोबर पाठराखीण नाही गं. वाटेत भेटली, तर सोबत कर."

मासळी काय बोलली? काही नाही. मासळी बोलत नसते, हे तुम्हाला ठाऊक असायला हवे.

इतक्यात पलीकडून होडी निघाली. होडीत म्हातारा नावाडी आणि राही. नदीच्या मध्यावर आली, आणि नावाड्याचे वल्हे कडकन मोडले! होडी गरगर फिरली आणि डोहातल्या भोवऱ्याकडे ओढली जाऊ लागली. सुभानने दोर फेकला, तो पोचला नाही. भागूआत्याचे मुलगे पाण्यात उतरले, त्यांना लोंढ्याने मागे लोटले.

आणि होडी थांबली.

थांबली, आणि हळूहळू उलट्या पाण्याने वर येऊ लागली. तिच्या दोन्ही अंगांना एकेक मासळी होती, आणि मागून रेटा देत होती ती पाळण्याएवढी. चढणीचीच मासळी ती. प्रवाह कापणे हे तिचे रोजचे काम. गढूळ पाण्यात तिघींच्या माथ्यावरचे कुंकू जसेच्या तसे होते.

होडी घाटाला लागली. राही उतरली, तो तिचा पदर जड. उघडून पाहते, तर ओटीत तांदूळ! कोरडे, स्वच्छ, पांढरेशुभ्र.

"सासूबाईंनी भरली का गं ओटी?" गुणाबाईने विचारले.

"कुठली, आये! त्या म्हणाल्या, पाऊस वाढायच्या आत चालू लाग."

तेव्हा गुणाबाई पाण्याकडे वळली आणि तिने हात जोडले. शेजारी दुसरे हात जोडलेले दिसले. ते भागूआत्याचे होते. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "गुणे," ती म्हणाली, "तुझी कुंकवाची कोयरी जरा दे. माझ्या पोरांच्या जाळ्यात एक अडकलीय."

सांजेला राहीच्या ओटीतले तांदूळ शिजले. सुभानच्या घरी सगळे पोटभर जेवले, भागूआत्या आणि म्हातारा नावाडीही जेवले, आणि भात उरला.

पुढे राहीला मुलगी झाली, सारे आनंदात राहिले. पण ते नंतरचे. गाभोळीची मासळी धरावी की सोडावी, हा वाद मिटला तो श्रावण शुद्ध पौर्णिमेला. त्या दिवशी साऱ्या भोयांनी नदीला नारळ वाहिला आणि एकमुखाने ठरवले, की चढणीला निघालेल्या लेकीला ओटी भरल्यावाचून जाऊ द्यायचे नाही, आणि अडवायचे तर नाहीच नाही.

आता नदीला मनातल्या मनात नमस्कार करा. केलात? मिटा डोळे.