वैशाखातला स्वेटर

माणसं एसी लावून वर स्वेटर घालायची, त्या काळची ही गोष्ट. वीज वाचवणारी म्हणून मिरवणाऱ्या एका कचेरीत, कोरगावकरबाईंच्या खुर्चीवर लोकरी स्वेटर बारमाही लटकलेला असे.

एकदा इमारत कुरकुरली, "माझ्या भिंती गार, छपरावर सूर्याची वीज. तरी मेला मीटर का पळतो?"

"मला विचार," स्वेटर म्हणाला. "भर वैशाखात मी बाईंच्या अंगावर काय करतोय?"

इमारत फिस्सकन हसली. "दोन सुयांवर विणलेला तू, मला शिकवणार?"

स्वेटर इरेला पेटला. दुपारी तो बाईंना असा टोचला, की त्यांनी तो काढून भिरकावलाच. कुडकुडत त्या म्हणाल्या, "अगं बाई, मग हा एसीच बंद करू की!" त्यांनी खिडकी उघडली. मीटर मंदावला.

संध्याकाळी स्वेटर ऐटीत घरच्या ट्रंकेकडे निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच्यामागून कचेरीतल्या बाकीच्या खुर्च्यांवरच्या सतरा शाली घरी निघाल्या.