शेवंतीबाईंच्या ओट्यावरचे नारळ

"पण यात चुकलं काय, बुवा? लोक रडले."

नागेश विचारत होता. रंगनाथबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. ते वळतच राहिले.

मी तबल्याच्या वाद्या ओढत बाजूला बसलो होतो. म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं.

नागेश बुवांचा शिष्य. गळा असा, की त्यानं तान घेतली तर नदीपलीकडचा माणूस औत थांबवून ऐकेल. पण गळा गोड असला की माणसाला आपलं सगळंच गोड वाटायला लागतं. तसं त्याचं झालं होतं. उत्सवातलं शेवटच्या दिवसाचं कीर्तन आजवर बुवाच करत आले. यंदा ते आपल्याला मिळावं, बुवांनी आपल्या हातानं आपल्या गळ्यात हार घालावा, एवढं त्याला हवं होतं.

त्यासाठी त्यानं नवं आख्यान रचलं होतं. खालच्या वाडीत एकदा करूनही आला होता.

आख्यान असं. एक मुलगा असतो. बोलत नाही, कुणाकडे बघत नाही, डोळ्यांपुढे बोटं नाचवतो. पण कुठलीही तारीख सांगा, तिचा वार झटक्यात पाटीवर लिहून देतो. गाव त्याला वेडा म्हणतं. मग नदीला पूर येतो, आई वाहून जायला लागते, आणि तो जन्मात पहिल्यांदा हाक मारतो... "आई". लोक धावतात. आई वाचते. मुलगा देवाचं लेकरू ठरतो.

"हे सुचलं कुठून?" बुवांनी विचारलं.

"सिनेमात, पुस्तकांत असंच असतं बुवा. असा मुलगा आला की त्याच्यात काहीतरी अचाट असायचंच. नाहीतर शेवटी तो बोलायला लागायचा. नुसता आहे तसाच राहिला, तर लोकांनी घरी काय न्यायचं?"

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

"काय नेलं, ते या सांगतील."

पायरीशी शेवंतीबाई उभ्या होत्या. खालच्या वाडीतल्या. त्यांचा दिगू तिशीचा बाप्या आहे, पण जन्मापासून एक शब्द बोललेला नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी त्याला स्वमग्न म्हणतात असं सांगितलं होतं. गावाला तो शब्द जमला नाही. गाव नुसतं 'शेवंतीचा दिगू' म्हणायचं, आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

"बसा वहिनी," बुवा म्हणाले.

"बसायला नाही आले." बाई नागेशकडे बघत होत्या. "तुझं कीर्तन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओट्यावर नारळ यायला लागले. लोक येतात, दिगूला तारखा विचारतात. त्याला वार कळत नाही रे. तो सांगत नाही, तर म्हणतात, हिनंच त्याला गप्प राहायला शिकवलंय."

"काकू, मी..."

"काल एकीनं तापानं फणफणलेलं पोर त्याच्या मांडीवर टाकलं. त्याला परक्याचा हात सोसत नाही. त्यानं ढकललं. पोराला तिनं वरच्यावर झेललं, लागलं नाही काही. पण तिच्या नवऱ्यानं दिगूला... ओठ फुटलाय. भिंतीकडे तोंड करून बसलाय. भात खात नाही. माझ्या हातचासुद्धा."

मी वादी सोडून दिली.

नागेश म्हणाला, "मी नाव बदललं होतं, काकू."

"नाव बदललंस. बोटं कुणाची नाचवलीस?" त्या म्हणाल्या. "मी बायकांत बसले होते तेव्हा. तू बोटं नाचवलीस तेव्हा लोक आधी हसले. मग रडले. हसले तेही माझ्या पोराला आणि रडले तेही माझ्याच पोराला. पण मान वळवून माझ्याकडे एकानं बघितलं नाही."

"पण शेवटी मी त्याला देव केला, काकू."

"माझ्या घरात माणूस होता."

नागेश खाली बघायला लागला. बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"आणि ती हाक. दिगूनं मला कधी आई म्हटलं नाही. दुसऱ्या कुणी वाढलं की ताट सारायचा आणि मी येईपर्यंत दाराकडे बघत बसायचा. मला तेवढं पुरत होतं. आता पाणवठ्यावर बायका विचारतात, तुझा कधी गं म्हणणार? माझ्या घरात काही कमी नव्हतं रे. तू येऊन उणं करून ठेवलंस."

नागेशनं मान वर केली. चुकलेल्या माणसाला एक पळवाट सापडते, तशी त्याला सापडली होती.

"लोक अडाणी आहेत," तो म्हणाला. "त्याला आख्यान काय करणार?"

बुवा उठले.

बुवांचा राग मी फार थोड्या वेळा पाहिलाय. त्यांचा आवाज खाली जातो, वर येत नाही. त्यांनी उपरणं खांद्यावर घेतलं, खुंटीच्या चिपळ्या काढल्या.

"तात्या, ठेका धर," मला म्हणाले. आणि नागेशला, "समोर बस."

नागेश बसला. मला वाटतं, त्याला अजूनही वाटत होतं की बुवा आख्यान सुधारून दाखवणार.

बुवांनी नमन म्हटलं. आमच्या मठात नमन झालं की श्रोत्यानं उठायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही. बोलणाऱ्या कितीतरी जणांना नागेशनंच गप्प बसवलंय.

"एका गावात नागू नावाचा पोर होता," बुवा सांगू लागले. "अक्कल बेताची. पण देवानं गळा दिला होता. तान घ्यायच्या आधी तो असं करायचा."

त्यांनी कानामागचे केस बोटानं सारखे केले. अगदी नागेश करतो तसे. मला हसू आलं. यायला नको होतं.

"नागूचा बाप माडावरून पडून गेला. आई लोकांची भांडी घासायची. नागूला काही कळत नसे. बापाचा फाटका सदरा घालून तो रोज माडाखाली उभा राहायचा आणि वर बघून गायचा."

"बुवा, मी असं कधीच..."

बुवांनी चिपळी वाजवली.

"कीर्तन चाललंय."

नागेशनं ओठ मिटले.

बुवा सांगत गेले. काय सांगावं, असा आवाज त्यांनी फार दिवसांत लावला नव्हता. गाव नागूला खुळा म्हणतं. पोरं दगड मारतात. नागू एकदा असा सूर लावतो की माड हलायला लागतो. आणि माडावरून हळूच पाय दिसतात, मग हात, मग बाप उतरून खाली येतो. नागूला पोटाशी धरतो. त्या दिवसापासून नागूला अक्कल येते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं आहे हे ठाऊक असून आलं. शेवंतीबाईंनीही पदर डोळ्यांना लावला.

नागेशनं ते बघितलं. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. त्याचं तोंड उघडायचं, मिटायचं. त्याच्या बापाला माडावरून पडताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"माझे वडील उतरून आले नाहीत, बुवा," नागेश म्हणाला. गळ्यात सूर म्हणून नव्हता.

"नाही आले," बुवा म्हणाले.

"आणि मी सदरा घालून कधी उभा राहिलो नाही. मी वर्षभर माडाकडे बघितलंच नाही. तुम्ही मला विचारायचं तरी..."

तो तिथंच अडला. त्यानं शेवंतीबाईंकडे बघितलं.

बाईंनी पदर खोचला आणि पायरी उतरायला लागल्या. घरी दिगू भिंतीकडे तोंड करून बसला होता.

नागेश उठला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाला, "मी उत्सवात उभा राहत नाही बुवा. ते आख्यान सोडलं मी. आजपासून सोडलं."

तेवढ्यात फाटकाशी दोन माणसं आली. वरच्या वाडीची असावीत. त्यांच्याबरोबर एक म्हातारी होती, हातात नारळ.

"ते देवाचं लेकरू कुठं राहतं हो?" तिनं शेवंतीबाईंनाच विचारलं.

बाई जिथल्या तिथं उभ्या राहिल्या.

नागेशनं बुवांकडे बघितलं.

"तू सोडशील रे," बुवा म्हणाले. "ज्यांनी धरलंय, त्यांच्या हातातून कोण काढणार?"