रांजणाचा तळ

बाई आधी सांगते तेव्हा कुणाला खरं वाटत नाही, आणि नुकसान झालं की पहिलं बोट तिच्याकडेच. भामा कुंभारणीचं तेच झालं. "मी सांगितलं होतं, कुणी मानलं नाही," एवढंच ती म्हणत राहिली. तिची ही गोष्ट.

फार पूर्वी वाराणसीत एक राजा गादीवर असताना बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध, कुंभारांच्या वस्तीत जन्मले होते. नाव सोमिल. वस्तीचे ते प्रमुख. त्यांच्यासारखा रांजण कुणाला जमत नसे. सगळ्या घरांची मडकी एकाच आव्यात, म्हणजे एकाच भट्टीत भाजली जात. एक जरी ओलं गेलं तरी आत फुटतं आणि शेजारची घेऊन जातं. म्हणून रीत अशी, की आवा रचताना शेजाऱ्याच्या मडक्याच्या तळाला गाल लावून बघायचा. गार लागलं तर ते ओलं, म्हणून बाहेर. प्रमुखाच्या मडक्याला मात्र कुणी गाल लावत नसे. तो अपमान समजत.

जत्रा तोंडावर आली होती. भामानं सोमिलांच्या रांजणाला गाल लावला.

"तात, हा तळ गार आहे."

मग सोमिलांचा भाचा गोपक हसला. "भामे, तुझा गालच गार असेल. जा, चुलीपाशी शेकून ये."

वस्ती हसली. शंका सोमिलांनाही आली होती. पण एवढ्या लोकांसमोर वाकून आपलाच तळ तपासणं त्यांना जड गेलं. आवा पेटला.

दुपारी आत धडाका झाला. मग दुसरा, मग लागोपाठ. पेटलेला आवा उघडता येत नाही. निवेपर्यंत नुसतं बसायचं. गोपक म्हणाला, "हिचंच मडकं ओलं असणार, म्हणून आधीच दुसऱ्यावर ढकललं. आवा निवला की हिला वस्तीबाहेर काढा."

भामा विधवा. दुसऱ्या कुठल्या वस्तीच्या आव्यात तिला जागा मिळणार? "मी सांगितलं होतं," म्हणत पोरीला मांडीवर घट्ट धरून ती धुराकडे बघत राहिली. सोमिलही बघत होते.

राख निवली तशी सोमिल आधी आत उतरले, मागून गोपक. मधोमध ओलेपणानं पापुद्रे सुटलेला रांजणाचा जाड तळ पडला होता, आणि त्याच्याभोवतीच सगळा चुरा.

"मामा, पाय द्या त्यावर," गोपक हळूच म्हणाला. "राखेत जाईल. कुणी पाहिलं नाही."

सोमिलांनी तो तुकडा उचलला, बाहेर आणून भामापुढे ठेवला.

"हा तळ माझा. तू सांगितलंस ते मला ऐकू आलं होतं. वाकायची लाज वाटली, म्हणून सगळ्यांची मेहनत गेली."

"आता कळून काय उपयोग, तात? माझी मडकी गेलीच ना."

"गेली. जत्रेपर्यंत माझं चाक आणि माझे हात तुम्हा सगळ्यांसाठी. आणि यापुढं आवा रचताना पहिला गाल माझ्या मडक्याला. तो तू लावायचा."

पुढच्या काळात एका विहाराच्या भिंतीवरचं चित्र बिघडलं, तेव्हा एक भिक्खू त्याचा बोल आधीच सावध करणाऱ्या भिक्खुणी चंदिमेला लावत होता. त्या वेळी शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट सांगितली. म्हणाले, तेव्हाची भामा म्हणजे ही चंदिमा, गोपक म्हणजे तिला बोल लावणारा हा भिक्खू, आणि तो प्रमुख मी. नाव मोठं झाल्यावरही आपली चूक आपल्याच तोंडानं सांगणं, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.

"मग त्या आव्याचा दोषी कोण ठरला?" त्या भिक्खूनं खाली बघत विचारलं.

"सोमिल, म्हणजे मीच."