टिंगूची काठी साहेबांच्या पट्ट्यात

ऐका बरं. कान इकडे, डोळे इकडे.

एक होता नाकतोडा. इवलासा, हिरवागार. नाव टिंगू.

टिंगूचा एक पाय मोडला होता. मागचा, उडी मारायचा. म्हणून आईने त्याला काठी दिली होती. स्टीलची काठी. बारीक, चकचकीत, तुझ्या नखाएवढी.

काठी असली की टिंगू चालायचा, टुणुक टुणुक.

काठी नसली की, टुणुक धप्प!

एकदा टिंगू मुजावरचाचांच्या दुकानात आला. चाचा घड्याळं दुरुस्त करायचे. टेबलाखाली खारी बिस्किटाचा चुरा होता. टिंगूने काठी टेबलाच्या पायाला टेकवून ठेवली. मग चुरा खाल्ला. कुरुम कुरुम.

वर चाचांच्या हातात एका साहेबांचं मनगटी घड्याळ होतं. स्टीलच्या पट्ट्यातली एक पिन हरवली होती. दोन कड्या सुटल्या होत्या. लडबड लडबड.

चाचांनी खाली पाहिलं.

"अरे वा! पिन इथेच पडलीये की!"

काठी उचलली. कड्यांत घातली. टक!

मग चाचांनी खिडकी लावली. डोळे मिटले. घुर्र घुर्र.

टिंगू वळला. काठी नाही!

टुणुक धप्प. टुणुक धप्प. कसाबसा टेबलावर चढला. काठी दिसली. साहेबांच्या पट्ट्यात.

"घड्याळा, घड्याळा, माझी काठी दे."

"जा रे, लंगडोबा! चार वाजता साहेब येणार. मी साहेबांबरोबर जाणार. सहा पायांतला एक गेला तर एवढी रडारड? मला बघ. एकही पाय नाही!"

"तुला चालायचं नाहीये. मला चालायचंय."

"मग पंचाला सांग. पंच पिन ढकलेल, तर मी काठी देईन. टिक टिक."

शेजारी एक खिळा पडला होता. तो म्हणाला,

"पंच कशाला? मी आहे ना! मी कुणाला नाही म्हणत नाही."

खिळा घुसला जोरात. खर्रर्र! पट्ट्यावर ओरखडा उठला. काठी वाकली. बाहेर मात्र आली नाही.

"ओय ओय!" घड्याळ ओरडलं. "जाड्या कुठला! आणि उलट्या बाजूने? पट्ट्याच्या आत बाण कोरलाय. बाण जिकडे, पिन तिकडे!"

"मी आपली मदत केली," खिळा म्हणाला. आणि गडगड गडगड निघून गेला.

टिंगू पंचाकडे गेला. टुणुक धप्प. पंच म्हणजे बारीक सळई. पिन ढकलायलाच केलेली.

"पंचदादा, पंचदादा, पिन ढकल.
घड्याळ काठी देईना.
मी चालू कसा?"

"काम माझंच आहे," पंच म्हणाला. "पिनेपेक्षा बारीक आहे ना मी! पण आपणहून मी हलत नाही. हातोडी मला ठोकेल, तर मी पिन ढकलीन."

टिंगू हातोडीकडे गेला. टुणुक धप्प.

"हातोडीमावशी, हातोडीमावशी, पंच ठोक.
पंच पिन ढकलेना.
घड्याळ काठी देईना.
मी चालू कसा?"

"पट्टा बघ किती हलतोय! काच फुटली तर बोलणी कोण खाणार? तू? ठोकळा पट्टा धरेल, तर मी पंच ठोकीन."

टिक टिक. तीन वाजले.

टिंगू ठोकळ्याकडे गेला. टुणुक धप्प. ठोकळ्याला मध्ये खाच होती. पट्टा उभा बसवायची.

"ठोकळेआजोबा, ठोकळेआजोबा, पट्टा धरा.
हातोडी पंच ठोकेना.
पंच पिन ढकलेना.
घड्याळ काठी देईना.
मी चालू कसा?"

"बाण खाली हवा, पोरा. उलटा धरला की सगळे मलाच ओरडतात. भिंग बाण दाखवेल, तर मी पट्टा धरीन."

टिंगू भिंगाकडे गेला. टुणुक धप्प.

"भिंगकाकू, भिंगकाकू, बाण दाखवा.
ठोकळा पट्टा धरेना.
हातोडी पंच ठोकेना.
पंच पिन ढकलेना.
घड्याळ काठी देईना.
मी चालू कसा?"

"ह्या अंधारात? मलाच मी दिसत नाहीये! उन्हाची तिरीप आत येईल, तर मी बाण दाखवीन."

टिंगू खिडकीकडे गेला. टुणुक धप्प. धप्प. दमला बिचारा. फटीबाहेर उन्हाची तिरीप उभी होती.

"तिरीपताई, तिरीपताई, आत ये.
भिंग बाण दाखवेना.
ठोकळा पट्टा धरेना.
हातोडी पंच ठोकेना.
पंच पिन ढकलेना.
घड्याळ काठी देईना.
मी चालू कसा?"

"खिडकी बंद आहे, राजा. मी काय ती फोडू? चाचा उठतील, तर मी आत येईन."

टिक टिक. साडेतीन वाजले.

टिंगू चाचांकडे गेला. टुणुक धप्प. धप्प. धप्प.

"चाचा, चाचा, उठा.
तिरीप आत येईना.
भिंग बाण दाखवेना.
ठोकळा पट्टा धरेना.
हातोडी पंच ठोकेना.
पंच पिन ढकलेना.
घड्याळ काठी देईना.
मी चालू कसा?"

घुर्र घुर्र. ऐकतंय कोण!

पुन्हा हाक मारली. घुर्र घुर्र.

टिंगूला राग आला. एवढा राग, एवढा राग! त्याने डोळे मिटले आणि उडी मारली. टुणुक...

धप्प! चाचांच्या नाकावर.

"आक्छी! कोण रे हा शहाणा? माझं नाक काय मैदान आहे?"

टिंगू नाकावरून हललाच नाही. मोठ्याने म्हणाला,

"चाचा झोपेतून उठेनात.
तिरीप आत येईना.
भिंग बाण दाखवेना.
ठोकळा पट्टा धरेना.
हातोडी पंच ठोकेना.
पंच पिन ढकलेना.
घड्याळ काठी देईना.
मी चालू कसा?"

"उठलो की बाबा! नाक सोड आता."

चाचा उठले. खिडकी उघडली. धाड!

तिरीप आत आली.
भिंगाने बाण दाखवला.
ठोकळ्याने पट्टा धरला, बाण खाली.
हातोडीने पंच ठोकला. हळू हळू, टुक टुक.
पंचाने पिन ढकलली.
घड्याळाने काठी दिली.

टिंग!

झालं. एवढंच काम होतं. घोटभर पाणी पिऊन होत नाही, तेवढ्यात झालं.

"बघ, मी दिली!" घड्याळ म्हणालं.

"ढकलली कुणी? मी!" पंच म्हणाला.

"मी ठोकलं नसतं तर?" हातोडी म्हणाली.

"मी धरलं नसतं तर?" ठोकळा म्हणाला.

"आणि मी दाखवलं नसतं तर?" भिंग म्हणालं. "आमची आठवण ठेव हो, टिंगू!"

टिंगू म्हणाला, "काठी माझीच होती."



चाचा डोकं खाजवत म्हणाले, "मला वाटलं, पिन पडलीये."

"पडली नव्हती, चाचा. ठेवली होती."

पट्टा पुन्हा लडबडला. लडबड लडबड. चार वाजायला आले. चाचांनी टेबलाचा खण उघडला. खणात एक डबी होती. डबी उघडली.

आत पिनाच पिना. लांब पिना, आखूड पिना. डबी गच्च भरलेली.

चाचांनी एक घेतली. कड्यांत घातली. टक!

टिंगू डबीकडे बघत राहिला.

"डबी आधीपासून होती?"

"होती की."

"मग माझी का घेतली?"

"ती समोर दिसली रे. खण उघडायचा कंटाळा आला."

"तुमच्याकडे डबीभर आहेत, चाचा. माझ्याकडे एकच होती."

चाचांनी डबी मिटली. मग हात पुढे करून म्हणाले, "वाकलीये बघ काठी. आण, सरळ करून देतो."

टिंगूने काठी दिली नाही.

चार वाजले. साहेब आले. "झालं का हो?" म्हणाले. घड्याळ हातात घातलं आणि गेले. साहेबांना काहीच कळलं नाही.

टिंगूही निघाला. काठी वाकडी, चाल वाकडी. टुणुक टक. टुणुक टक.

चुरा खायला टिंगू अजून येतो. पण काठी आता टेकवून ठेवत नाही. काखेत घट्ट धरतो आणि मगच खातो.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

चुरा संपला, गोष्टही संपली.